जुनी होडी घेण्यापूर्वीं



जुनें घर घेतांना आपण भिंतीस ओल आहे कीं काय तें पाहतों. मडकें घेतांना तें बोटानें वाजवून पाहतों. म्हैस घ्यावयाची असली म्हणजे तिचे दांत पाहून वय ठरवितों. परंतु जुनी होडी घेतांना पुष्कळ माणसें तिचा रंग पाहतात, इंजिन सुरू करून पाहतात, आणि पैसे मोजून मोकळीं होतात. भिंत ओली निघाली तर पैसा जातो, म्हैस म्हातारी निघाली तर दूध जातें. होडीचा तळ कच्चा निघाला तर तिच्यांत बसलेलीं माणसें जातात. म्हणून वापरलेली होडी विकत घेण्यापूर्वीं तिच्या तळाची परीक्षा कशी करावी, याविषयीं आज मी चार शब्द सांगणार आहें.

हा विषय कोळीबांधवांचा, आम्हां शहरांतील लोकांचा त्याच्याशीं काय संबंध, असें कोणाच्या मनांत येईल. संबंध आहे. खाडीवर फिरावयास किंवा गळ टाकावयास लहानशी फायबरची होडी घेणारे नोकरदार आतां आपल्यांतच आहेत. कोणी एखाद्या ओळखीच्या तांडेलाच्या होडींत भांडवल घालतो, कोणी त्याच्या कर्जाला जामीन राहतो. आणि जो कांहींच करीत नाहीं, तोही केव्हां तरी मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचींत बसतोच. तळ कसा पाहावा हें ज्याला ठाऊक आहे, तो निदान विचारावयाचा प्रश्न तरी बरोबर विचारील. मी स्वतः शाळामास्तर; वांकस आणि करवत हीं माझीं हत्यारें नव्हेत. पण खाडीकांठच्या मुलांना शिकवितां शिकवितां त्यांच्या वडिलांकडून आणि होड्या बांधणाऱ्या मेस्त्रींकडून जें पाहिलें व ऐकलें, त्याला पुस्तकांतील आधार जोडून तें आपणांपुढें ठेवीत आहें.

आमच्या पनवेलीस हा विषय नवा नाहीं. सन १८३० मध्यें बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि मुंबई व देश यांमधील माल व माणसें पनवेलच्या खाडीनें जाऊं येऊं लागलीं. मुंबईहून होडीनें पनवेलीस उतरावें, आणि पुढें घांट चढून पुण्यास जावें, असा तो मार्ग होता. देशावरून आलेल्या बैलगाड्या परततांना येथून चाकांची नवी जोडी घेऊन जात, इतकें येथील सुतारकाम नांवाजलेलें होतें. सन १८६३ मध्यें आगगाडीनें बोरघाट चढला आणि बंदराचें महत्त्व ओसरूं लागलें. पुढें खाडींत गाळ सांचत गेला, आणि आतां तर खाडीच्या कांठावर विमानतळ उभा राहिला आहे. तरीही कोळीवाड्यांत आणि गव्हाण-न्हाव्याकडे होड्या आहेत, आणि जेथें होड्या आहेत तेथें त्या एका हातांतून दुसऱ्या हातांत जाणारच.

परीक्षेचा पहिला नियम असा, कीं जी होडी पाण्यांत आहे ती पाहिलेली नाहीं असें समजावें. तिचा जो भाग आपल्याला दिसतो, तो बुडविणारा नव्हे; जो बुडवील तो पाण्याखालीं आहे. हें आपल्या पूर्वजांना चांगलें ठाऊक होतें. विजयदुर्गाजवळ गिर्ये गांवीं खाडीच्या कांठीं खडक खोदून केलेली आंग्रेकालीन गोदी आजही पाहावयास मिळते. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आंत घ्यावें आणि पाणी गेलें कीं कोरड्या जागेवर त्याचा तळ पाहावा व दुरुस्त करावा, हा तिचा उपयोग.

आपल्याला गोदी नसली तरी समुद्र तोच आहे, आणि तोच आपले काम फुकट करून देतो. कोंकणांत भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे. तिथीला पाऊणनें गुणावें. येईल तो आंकडा म्हणजे पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीस तीन वाजतां भरती, अष्टमीस सहा वाजतां. त्यांत सहा तास मिळविले कीं ओहोटीची वेळ निघते. खाडीच्या आंतल्या अंगास थोडा उशीर होतो, तेवढा धरावा. आतां चतुर्दशी घ्या. चौदांची पाऊणपट साडेदहा. म्हणजे सकाळीं साडेदहाच्या सुमारास भरती आणि सायंकाळीं साडेचारास ओहोटी. भरतीस होडी कांठाशीं आणून ओंडक्यांवर बसवावी, दोन्ही बाजूंस टेंकू द्यावे. दुपारनंतर तळ उघडा पडेल आणि पाहावयास चांगला उजेड असेल. चतुर्दशीच कां, असें वर्गांतील एखादा चौकस मुलगा विचारील. त्याचें उत्तर असें, कीं पाण्याचें उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एकदोन दिवसांपर्यंत वाढत असतें. आज टेंकवलेली होडी उद्यांच्या अधिक मोठ्या भरतीस आपोआप तरंगेल. तेंच काम उधाण उतरतांना केलें तर पुढची भरती तिच्यापर्यंत पोंचणार नाहीं, आणि होडी पंधरवडाभर कोरडी बसेल.

याहूनही सोयीचा काळ वर्षांतून एकदां येतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. त्यापूर्वीं होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वीं त्यांना नवा रंग देतात. होडी वर ओढल्यानंतर आणि नवा रंग लागण्यापूर्वीं, या मधल्या दिवसांत ती पाहावी. रंग लागल्यावर पाहणें म्हणजे नवरीला दागिने घातल्यावर तिची प्रकृति विचारण्यासारखें आहे.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. बरोबर फार सामान नको. एक लहान हातोडी, चांभाराकडे असते तशी एक आरी, एक बॅटरी, लांब दोरी, आणि वही-पेन्सिल. प्रारंभीं होडीपासून वीस-पंचवीस पावलें दूर उभें राहावें. नाळेसमोर उभें राहून दोन्ही बाजूंचें पोट सारखें आहे कीं एका अंगास फुगलें आहे तें पाहावें. मग होडीच्या पठाणाच्या, म्हणजे तळाच्या मुख्य लांकडाच्या, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दोरी ताणावी. बांधणाऱ्यानें पठाण सरळ ठेविला असेल तर तो दोरीला धरून असला पाहिजे. मध्यें तो उचललेला आणि दोन्ही टोंकें लवलेलीं असतील, तर होडीची पाठ मोडली असें समजावें. असा दोष एका फळीचा नसतो, सगळ्या बांधणीचा असतो, आणि तो बहुधा दुरुस्तीच्या पलीकडचा असतो. येथेंच दोरी गुंडाळून घरीं यावें.

दोरीची परीक्षा उतरली म्हणजे लांकडाकडे वळावें. लांकडी होडीला दोन शत्रु आहेत, आणि गंमत अशी कीं ते दोघे एकाच जागीं राहत नाहींत. पहिला शत्रु कुजणें. सामान्य समजूत अशी कीं खाऱ्या पाण्यानें लांकूड कुजतें. वस्तुतः मीठ हें कुजण्याला विरोध करतें. लोणच्याच्या बरणीवरून कोणत्याही गृहिणीला हें ठाऊक आहे. लांकूड कुजविणारी बुरशी पोसली जाते ती पावसाच्या गोड्या पाण्यावर. म्हणून कुजकेपणा शोधावयाचा तो वरच्या बाजूस : कांठाच्या फळीखालीं, नाळेच्या माथ्याशीं, वांकांच्या वरच्या टोंकांशीं, जेथें पावसाचें पाणी अडतें आणि वारा लागत नाहीं तेथें. जी होडी दोन पावसाळे फाटक्या ताडपत्रीखालीं पडून होती, ती समुद्रावर रोज राबणाऱ्या होडीपेक्षां अधिक संशयास्पद आहे. पुष्कळ दिवस वापरली नाहीं, म्हणून नव्यासारखी आहे, असें विकणारा सांगूं लागला कीं आपण अधिक सावध व्हावें.

दुसरा शत्रु पाण्याच्या रेषेखालीं राहतो. लांकूड पोखरणारा हा प्राणी दिसावयास किड्यासारखा असला तरी तो शिंपल्याच्या जातीचा आहे. शास्त्रज्ञ त्याला टेरेडो म्हणतात. तो अगदीं बाल्यावस्थेंत टांचणीच्या टोंकाएवढ्या छिद्रानें लांकडांत शिरतो, आंत वाढतो, आणि जसा वाढेल तसा बोगदा खणीत जातो. बोगद्याच्या भिंतीला तो आंतून चुन्यासारखा पांढरा लेप देतो. बाहेरचें छिद्र मात्र लहानच राहतें. त्यामुळें फळी बाहेरून अखंड दिसते आणि आंत मधमाशांच्या पोळ्यासारखी झालेली असते. सन १७३० च्या पुढें हॉलंड देशांतील समुद्र अडविणाऱ्या बांधांचे लांकडी खांब याच प्राण्यानें पोखरले, आणि तेथील लोकांना लांकूड सोडून दगडाचा आश्रय घ्यावा लागला. त्याच प्राण्याची बोगदा खणण्याची रीति पाहून मार्क ब्रुनेल या स्थापत्यकारानें सन १८१८ मध्यें आपल्या खोदाईच्या यंत्राचा हक्क नोंदविला, आणि पुढें लंडनमध्यें टेम्स नदीखालून भुयार नेलें. असा हा प्राणी शत्रु खरा, पण गुरुही आहे.

या दोन्ही शत्रूंचा पत्ता हातोडी व आरी यांनीं लागतो. फळीवर हातोडीनें हलके हलके ठोके देत जावें. निरोगी सागवान खणखणीत बोलतें, आंतून पोकळ झालेली फळी भद्द आवाज करते. जेथें आवाज बदलला तेथें आरी टोंचावी. चांगल्या लांकडांत आरी थोडी शिरते आणि काढतांना लांकूड तिला धरून ठेवतें. कुजलेल्या लांकडांत ती लोण्यांत सुरी जावी तशी जाते. चांगल्या जागीं आरीनें पडलेलें छिद्र लगेच राळेनें बुजवून द्यावें. दुसऱ्याची वस्तु तपासावयाची ती तिला इजा न होईल अशा बेतानें. पठाणाला लागून असलेली दोन्ही बाजूंची पहिली फळी विशेष लक्ष देऊन पाहावी. ती कायम ओली असते, वाळूवर घासते, आणि वांकून पाहिल्यावांचून दिसत नाहीं. म्हणून दोष सर्वांत अधिक तेथें असतो आणि सर्वांत कमी माणसें तेथें पाहतात.

यानंतर खिळे. लोखंडी खिळा गंजला कीं भोंवतालच्या लांकडावर काळा डाग पडतो आणि लांकूड तेथें मऊ होतें. असा एखादा डाग प्रत्येक जुन्या होडीला असावयाचाच. पण ओळीनें प्रत्येक खिळ्याभोंवतीं डाग असेल, तर फळ्या केवळ रंगाच्या व संवयीच्या जोरावर एकत्र राहिल्या आहेत असें समजावें. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. निरनिराळे धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांना लागून ठेवले तर त्यांतील एक दुसऱ्याला खातो. इंग्लंडच्या आरमारानें सन १७६१ मध्यें अलार्म नांवाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. किड्यापासून लांकूड वांचलें. परंतु दोन वर्षांनीं पाहतात तों तांब्याला टेंकलेले लोखंडी खिळे झिजून गेलेले. जेथें खिळा व तांबें यांच्यामध्यें चुकून खाकी कागद राहिला होता, तेवढे खिळे शाबूत होते. पुढें सन १८२४ मध्यें सर हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञानें यावर तोड सुचविली : मौल्यवान धातूला वांचवावयाचें असेल तर त्याच्याजवळ एक स्वस्त धातु बळी म्हणून ठेवावा. आज होड्यांच्या पंख्याजवळ जस्ताची वडी बसवितात ती याच तत्त्वावर. ती वडी अर्धी झिजलेली असली तर उत्तम. ती आपलें काम करीत आहे. पार नाहींशी झालेली असली तर तिच्या मागून पंख्याचा व दांड्याचा नंबर लागला असेल. आणि तिच्यावर कोणीं रंग फासला असेल, तर ती असून नसल्यासारखीच आहे.

आतां सांधे. दोन फळ्यांच्या फटींत कापूस ठासून वर राळ व तेल यांचा लेप देतात. हा कापूस लोंबत असेल, सुटत असेल, किंवा एकाच ठिकाणीं पुन्हां पुन्हां भरलेला दिसत असेल, तर आंत वांक हलत आहेत असा संशय घ्यावा. गळतीविषयीं एक विवेक मात्र पाहिजे. बरेच दिवस कोरडी राहिलेली लांकडी होडी पाण्यांत लोटली कीं प्रथम गळतेच. लांकूड पाणी पिऊन फुगलें म्हणजे फटी मिटतात. यावरून होडीला नांवें ठेवूं नयेत. पण तीनचार दिवसांनंतरही ती गळत राहिली तर तो दोषच. म्हणून होडी पाण्यांत असतांना तळांतील पाणी पूर्ण उपसून टाकावें, आंत खडूची खूण करावी, आणि एक भरती व एक ओहोटी जाऊं देऊन पुन्हां पाहावें. विकणाऱ्याच्या हातांत पंप असतांना केलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे.

लहानशा भोंकानें काय होतें, असें म्हणणाऱ्यांसाठीं थोडें गणित सांगतों. पाण्याच्या पातळीपासून ३० सेंटिमीटर खालीं २५ मिलिमीटर व्यासाचें भोंक पडलें तर मिनिटाला सुमारें ४० लिटर पाणी आंत येतें. तासाभरांत अडीच हजार लिटर, म्हणजे अडीच टन वजन. दोन माणसांनीं बादल्यांनीं उपसावयाचें ठरविलें तरी किती वेळ उपसतील ? आणि भोंक चौपट खोल असेल तर पाणी दुपटीनें येतें. दोष जितका खालीं तितका अधिक घातक, हें या गणिताचें सार.

फायबरच्या होडीला किडा लागत नाहीं, ती कुजत नाहीं, म्हणून ती डोळे मिटून घ्यावी असें कोणी सांगतात. तिचे रोग निराळे आहेत, इतकेंच. तिच्या वरच्या चकचकीत थराला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेलेले असतील तर तेथें आंतून किंवा बाहेरून धक्का बसलेला आहे. त्याच जागीं होडीच्या आंतल्या बाजूनें पाहावें. पाण्याखालच्या भागावर फोड आले असतील तर पाणी थराच्या आंत शिरलें आहे. असा फोड फुटला तर आंतील द्रवाला शिरक्यासारखा आंबूस वास येतो. नाण्यानें सगळा तळ ठोकून पाहावा. जेथें थर सुटले आहेत तेथें आवाज बसतो. इंजिन जेथें अडकवितात त्या मागच्या भिंतीच्या आंत बहुधा प्लायवूड असतें. स्क्रूच्या भोंकांतून पाणी शिरून तें कुजतें, आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. इंजिन वर उचलून खालीं-वर दाबावें. भिंत हलली तर प्लायवूड गेलेलें आहे. दुरुस्ती केलेली असेल तर ती कशी केली तें विचारावें. फायबरचें ठिगळ घट्ट बसावयाचें तर भोंकाच्या चोहों बाजूंनीं जाडीच्या सुमारें बारापट रुंद उतार घासून मग थर चढवावे लागतात. तळ सहा मिलिमीटर जाड असेल तर हा उतार सात सेंटिमीटर रुंद झाला. भोंकावर नुसती टिकली लावावी तसें ठिगळ लावलेलें असेल, तर तें झांकण आहे, दुरुस्ती नव्हे.

येथें एक घडलेली गोष्ट सांगणें मला अवश्य वाटतें. कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याचा भाऊ असे दोघे मिळून एक लांकडी होडी घेणार होते. विकणारी बाई विधवा होती. नवऱ्याच्या मागें होडी दोन वर्षें कांठावर पडून होती, आणि मुलांच्या शिक्षणाला पैसा पाहिजे होता. विक्रीचा कागद वाचून पाहावा म्हणून मुलांनीं मला नेलें, आणि होडी पाहावी म्हणून एका वृद्ध मेस्त्रींना. मेस्त्रींनीं आरी काढतांच मंडळी अवघडली. गेलेल्या माणसाची होडी, तिला टोंचावयाचें हें कोणाच्या मनाला पटेना. माझा विद्यार्थीच हळूच म्हणाला, "मास्तर, राहूं द्या. बाईला वाईट वाटेल." मेस्त्रींनीं तें ऐकलें. ते त्या बाईकडे वळून म्हणाले, "बाय, मी होडीला टोचतों, तुला नाय." आणि ते वांकून पठाणाजवळ गेले.

उजव्या अंगाची पहिली फळी डांबर नवें लावलेलें म्हणून फार सुरेख दिसत होती. आरी तेथें मुठीपर्यंत गेली. फळी हातभर लांब पोखरलेली निघाली. बाईला याची कल्पना नव्हती. डांबर तिच्या दिरानें लावलें होतें, आणि त्यालाही आंतलें ठाऊक नव्हतें. त्यानें आपली होडी नीटनेटकी दिसावी एवढ्याच हेतूनें ब्रश फिरविला होता. बाई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "यंदा पौर्णिमेनंतर धाकट्या दिरानं हीच होडी घेऊन जावं असं घरांत चाललं होतं." दोन फळ्या बदलण्याचा खर्च मेस्त्रींनीं तेथेंच सांगितला, तो किंमतींतून वजा झाला, आणि सौदा पुरा झाला. बाईला चार पैसे कमी मिळाले. पण त्या घरांतील आणखी एक माणूस समुद्रावर जाण्याचें वांचलें, हें तिथें उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलें होतें.

ही गोष्ट मी एवढ्यासाठीं सांगितली, कीं परीक्षा करणें हा विकणाऱ्यावर अविश्वास नव्हे. पुष्कळदां विकणाऱ्यालाच आपल्या होडीचें खरें स्वरूप माहीत नसतें. आपण भिडेस्तव न पाहतां गेलों, तर आपण त्याचा मान राखला असें होत नाहीं. दोघांनाही अंधारांत ठेविलें असें होतें.

कायदाही या बाबतींत भिडेला जागा ठेवीत नाहीं. सन १८७२ च्या करारविषयक कायद्याप्रमाणें, दोष माहीत असून विकणारा नुसता गप्प बसला तर ती सामान्यतः फसवणूक ठरत नाहीं. या कलमाखालीं घोड्याचीं उदाहरणें दिलीं आहेत, तीं मोठीं बोधप्रद आहेत. घोडा सदोष आहे हें ठाऊक असून मालक कांहीं बोलला नाहीं, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारा जर म्हणाला, "तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी धरून चालेन," आणि त्यावरही मालक गप्प राहिला, तर तें मौन बोलण्यासारखेंच धरलें जातें. घेणारी मालकाचीच नुकती वयांत आलेली मुलगी असेल, तर दोष सांगणें हें मालकाचें कर्तव्यच आहे. शिवाय त्याच कायद्यांत असेंही आहे, कीं साध्या तजविजीनें जो दोष कळला असता तो आपण पाहिलाच नाहीं, तर समोरच्याच्या मौनाचा आधार घेऊन करार मोडतां येत नाहीं. याचा व्यवहारांतील अर्थ सरळ आहे. स्वतः तपासा, आणि मग साक्षीदारांसमक्ष स्पष्ट प्रश्न विचारा : ही होडी कधीं खडकावर लागली होती काय? कधीं बुडाली होती काय ? कोणती फळी केव्हां बदलली ? उत्तरें कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याच बैठकींत नोंदणीचें पुस्तक आणि त्यावरील इंजिनाचा नंबर प्रत्यक्ष इंजिनाशीं ताडून पाहा, आणि होडीवर बँकेचें किंवा सहकारी संस्थेचें कर्ज शिल्लक नाहीं असा दाखला मागा. तळ निर्दोष पण कर्जांत बुडालेली होडी हीही बुडालेलीच.

शेवटीं किंमतीविषयीं. जें जें आढळलें तें वहींत तीन रकान्यांत लिहावें. पहिल्यांत आजच दुरुस्त केलें पाहिजे असें, दुसऱ्यांत पुढच्या वर्षापर्यंत चालेल असें, आणि तिसऱ्यांत नुसतें दिसावयास वाईट असें. पहिल्या रकान्याचा खर्च मेस्त्रीकडून काढून तो किंमतींतून वजा मागावा. तिसऱ्या रकान्यावरून घासाघीस करूं नये. रंग उडाला म्हणून गरजू माणसाचे पैसे कापणें हें चातुर्य नव्हे. आणि पठाण मोडलेला किंवा बहुतेक वांक कुजलेले असतील, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती होडी घेऊं नये. अशी होडी फुकट मिळाली तरी महाग पडते.

वयाला मात्र भिऊं नये. सन १८१७ मध्यें मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं सागवानाची एक युद्धनौका बांधून पाण्यांत सोडली गेली. तिचें नांव त्रिंकोमाली. तिला आतां दोनशें वर्षें उलटून गेलीं, आणि इंग्लंडांतील हार्टलपूल बंदरांत ती आजही पाण्यावर तरंगत उभी आहे. लांकूड चांगलें, हात जाणते, आणि वेळोवेळीं तळ पाहणारा कोणी तरी असला, तर होडी माणसाच्या कित्येक पिढ्या पाहते. तेव्हां जुनी होडी जरूर घ्या. घेण्यापूर्वीं एकदां तिच्यापुढें वांका, चिखलांत गुडघे टेका, आणि बॅटरी घेऊन पठाणाजवळची ती पहिली फळी पाहा. कपडे मळतील, ते धुतां येतात.